नीळ

सकाळी साडेसहाला मी नळी उजेडाकडे धरते.
पाणी निळं होतं.
आधी नुसती शंका आल्यासारखं,
मग दहा मिनिटांत, ठरवून.

जेवढी निळाई तेवढा फॉस्फरस.
आकडा रजिस्टरात. खाली सही: र. दा. परीट.

आडनाव वाचून भूपालअण्णा पहिल्या दिवशी हसले होते,
"म्हंजे घरचाच धंदा की."
खरं आहे. आई सांगलीचे कपडे धुवायची घाटावर,
पांढऱ्यांना शेवटच्या बादलीत नीळ द्यायची.
मी सांगलीनं धुऊन टाकलेलं पाणी धुते
आणि निळं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

काय येत नाही त्यात?
वसतिगृहांच्या बादल्यांतला फेस,
कार्यालयातली तीनशे उष्टी ताटं,
रात्री तीनदा उठलेल्या म्हाताऱ्यांची लघवी.
सगळ्या गावाची हाडं थोडी थोडी झिजून
आमच्या चाळणीशी येतात.

तसंच सोडलं कृष्णेत, तर केंदाळ माजतं.
वर हिरवंगार, जांभळी फुलं,
लोक पुलावर थांबून फोटो काढतात.
खाली मासा तोंड वर करून
हवा मागत असतो.

अण्णा बारावी नापास. टाक्या त्यांना कळतात.
"पयल्या टाकीत वारं द्यायचं न्हाई.
उपाशी ठेवायचं जिवाणूंना.
तिथं आकडा वाढंल, घाबरू नगंस.
साठवलेलं सोडत्यात ते भुकेपोटी,
अडीनडीला सोनं मोडावं तसं.
मग फुडल्या टाकीत वारं सोड आन् बघ.
सोडलेलं तर घेत्यातच, वर आणि दुप्पट.
उपाशी ऱ्हायलेलं माणूस
जेवताना बघितलंयस कधी?"

बघितलं होतं. बोलले नाही.

पोट भरलं की ते जड होऊन तळाशी बसतात
आणि तेव्हाच त्यांना बाहेर काढायचं असतं.
या भागाबद्दल अण्णाही फार बोलत नाहीत.

श्रावणात एका रात्री वीज गेली.
जनरेटर होता. डिझेलच्या खोलीची चावी साहेबांकडे,
साहेब विट्याला, साडूच्या घरभरणीला.
पाच तास वारं बंद.
गाळातल्या गाळात गुदमरून
खाल्लेलं सगळं ओकून टाकलं बिचाऱ्यांनी.
सकाळची नळी इतकी निळी
की मी ती दोनदा विसळून पुन्हा भरली.
पुन्हा तेच.

मग तुरटी.
ओळीत सहा चंचुपात्रं, सहांत फिरणारी पाती,
दर पात्राला तुरटी थोडी चढती.
पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात धुकं.
चौथ्यात पिंजल्या कापसासारखे पुंजके
उतरू लागले खाली,
कुणी हाक मारत नसल्यासारखे, सावकाश.
अण्णांनी हनुवटीवरच्या कापल्या जागी बोट फिरवलं.
"चार नंबर. तेवढीच सोड.
तुरटी फुकट येत न्हाई,
आन् गाळ आपल्यालाच उपसायचाय."

वाळलेला गाळ न्यायला डिग्रजहून बाबगोंडा येतो,
ट्रॉली मागं मागं घेत, मागच्या चाकाला दगड लावून.
हळदीच्या वाफ्यात घालतो म्हणतो.
मी तपासणीचा कागद देते,
तो न वाचताच घडी घालून टोपीत ठेवतो.
मूठभर गाळ चुरून नाकाशी नेतो.
त्याचं रजिस्टर तेवढंच.

फॉस्फरस मरत नाही, मी त्याला सांगत होते,
आपण फक्त त्याला नदीवरून वळवून घेतो.
तो म्हणाला, "म्हशीगत."
मी म्हणाले, हो, म्हशीगत.

चौथ्या दिवशी नळी पांढऱ्या कागदापुढे धरली.
निळं आहे की नाही, कळेना.
खिडकीशी नेली, तिथंही कळेना.
आई असती तर
चष्मा कपाळावर सारून म्हणाली असती,
नीळ कमी पडली गं,
अजून एकदा बुडव.